केसर आंबा: १२×६ फूट, १५×१० फूट की ५×५ मीटर? अंतर नक्की कशावरून ठरवायचं?

शिवार_१९
जालना जिल्हा, दोन एकर. वर मध्यम काळी माती, दोन-अडीच फुटांवर मुरूम. विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे. मार्चनंतर दिवसाआड तासभर चालते, त्यापुढे पाणी उतरून फुटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) उघडा पडतो. २४ एचपीचा छोटा ट्रॅक्टर घरचा आहे आणि कामाला घरची दोन माणसं. केसर लावायचा हे पक्कं आहे, अंतर ठरत नाही. १२×६ फूट (दोन ओळींत १२, ओळीतल्या दोन झाडांत ६; एकरी ६०५ झाडं), १५×१० फूट (२९०) आणि ५×५ मीटर (१६२) असे तीन आकडे पुढे आहेत. जुने लोक ३३×३३ फूट, एकरी ४० झाडं सांगतात. प्रत्येकाचं त्याच्या बागेपुरतं बरोबर दिसतं. मला आकड्यामागची कारणं हवी आहेत.

तुडतुडा
१२×६. विषय संपला.

गादीवाफा
विषय सुरू झाला.

तुम्ही मुख्य गोष्ट लिहिली नाही. दरवर्षी जूनमध्ये फळ उतरलं की पंधरा-वीस दिवसांत सगळी छाटणी उरकणार का? उत्तर 'हो' असेल तरच १२×६ चा विचार करा. एका झाडाला १० मिनिटं धरली तरी ६०० झाडांना १०० तास होतात. दोन माणसांनी रोज सहा-सहा तास दिले तर आठ-नऊ दिवस. हे एका एकराचं झालं, तुमचे दोन आहेत. त्याच दिवसांत पेरणीही असते. छाटणी लांबली की नवी फूट (पालवी) उशिरा येते, थंडी सुरू होईपर्यंत काडी पक्व होत नाही आणि त्या काडीवर मोहोर येत नाही. झाड हिरवंगार राहतं, फळ मात्र नसतं.

पेरूच्या_फोडी
पेरू २×१ मीटरवर, हेक्टरी ५,००० झाडं लावतात. लखनौच्या फळबाग संशोधन संस्थेची ती पद्धत आहे, तिला कुरण पद्धत म्हणतात. तिथे चालतं, मग आंब्याला का नाही?

गादीवाफा
पेरूला नव्या फुटीवर फूल येतं. कधीही कापा, फूट आली की तिच्यावर कळी दिसते. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या शेंड्यावर येतो. पेरूची कात्री बहर आणते. आंब्याची कात्री चुकीच्या महिन्यात लागली तर बहर घालवते. त्यामुळे पेरूचं अंतर पाहून आंब्याचं ठरवू नका. सफरचंदात झाड ठेंगणं ठेवणारे खुंट मिळतात. आपल्याकडे केसर साध्या गावरान कोयीच्या रोपावर बांधतात, तो खुंट झाडाला आवरत नाही. आवरायचं ते कात्रीने आणि थोडंफार संजीवकाने (वाढ रोखणाऱ्या औषधाने).

कातळसडा
कोकणातून लिहितो. आमच्याकडे हापूसची जुनी कलमं १० मीटरवर आहेत आणि तीही आता एकमेकांत शिरली आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची घन (दाट) लागवड ५×५ मीटरची, हेक्टरी ४००. जांभ्या दगडात झाड आधीच सावकाश वाढतं, तरी दहा-बारा वर्षांत फांदीला फांदी लागते. आणि दाटी झाली की तुडतुडे, मोहोराचा रस शोषणारे किडे. (वर १२×६ सांगणाऱ्या सभासदाने हेच नाव घेतलंय, त्याला दाट बाग आवडणारच.)

गंमत बाजूला. तुडतुड्यांना सावली आणि दमट हवा लागते. आतल्या पानांपर्यंत ना ऊन पोचतं ना फवारा. भुरी आणि करपा हे रोगही तिथूनच पसरतात. खोडाजवळ अंधार असला की भिरुडाचा (खोड पोखरणाऱ्या किडीचा) भुसा वेळेत दिसत नाही, फांदी वाळली की कळतं.

टेप_आणि_खुंटी
अंतराचा हिशोब उलट्या बाजूने करून बघा. आधी यंत्र, मग झाड.

छोटा ट्रॅक्टर चार फुटांच्या आत बसतो, पण फवारणी यंत्र जोडून, फळं न पाडता जायला सहा फूट मोकळे हवेत. १२ फुटांच्या ओळीतून सहा वजा केले की प्रत्येक ओळीच्या वाट्याला सहा, म्हणजे खोडापासून दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट. पावसाळ्यात नवी पालवी दोनदा आली तरी फांदी दीड-दोन फूट पुढे सरकते. म्हणजे जूनमध्ये तिला दीड फुटावर आणावं लागेल, तेव्हा कुठे डिसेंबरात ती तीनच्या आसपास थांबेल. ही कडक छाटणी झाली, आणि दरवर्षीची. १५ फुटांच्या ओळीत हीच जागा साडेचार-साडेचार फूट होते. एखाद्या वर्षी छाटणी हुकली तरी ट्रॅक्टर जातो.

उंचीही यावरूनच ठरते. ओळींमधल्या अंतराच्या पाऊण पट ते फार तर ८० टक्के. १२ फुटांना नऊ-साडेनऊ, १५ फुटांना सव्वाअकरा-बारा. त्याच्या वर गेलं की शेजारच्या ओळीच्या खालच्या फांद्या अंधारात जातात आणि वाळतात. मग फळ फक्त डोक्यावर येतं.

संत्रा_बांध
भाऊ, हे ६०५ कागदावरचे आहेत. ट्रॅक्टर वळवायला जागा नाही सोडली का? संत्र्यात १८×१८ फुटांवर एकरी १३४ म्हणून कलमं आणतात आन् मग शंभरेक बसतात.

टेप_आणि_खुंटी
बरोबर. १९८×२२० फुटांचा एक एकर घ्या (गुणाकार बरोबर ४३,५६०). ओळी २२० च्या लांबीने. पूर्व-पश्चिम बांधापासून १०-१० फूट सोडले की रुंदीत १७८ उरतात. दोन्ही टोकांना वळायला १८-१८ सोडले की लांबीत १८४.

१२×६: १५ ओळी × ३१ = ४६५. सूत्राने (एकराचं क्षेत्र भागिले एका झाडाची जागा) ६०५.
१५×१०: १२ ओळी × १९ = २२८. सूत्राने २९०.

म्हणजे पाचव्या हिश्शापेक्षा थोडं जास्तच कमी. कलमं मागवताना सूत्राचा आकडा देऊ नका. आधी खुंट्या ठोका, खुंट्या मोजा, त्यावर नांग्या (मेलेल्या कलमांच्या जागा) भरायला पाच टक्के धरा. बांधालगतचे दहा फूट सोडायला जीव होत नाही हे मान्य, पण सावली शेजाऱ्याच्या रानात गेली की दरवर्षीचं भांडण विकत घेतलंत.

तुडतुडा
नर्सरीवाला मात्र सूत्राचाच आकडा सांगतो. त्याचं बिल कलमावर असतं, खुंटीवर नाही.

मोजपट्टी
आणि फूट-मीटरचा घोळ! ३×२ मीटरला एकरी ६७४ बसतात. बरेच जण तोंडाने ३×२ म्हणतात, कलमं ६७४ आणतात आणि रानात आखतात १२×६ फूट. ३×२ मीटर म्हणजे पावणेदहा-दहा फूट आणि साडेसहा फूट. नऊ फूट दहा इंचांच्या ओळीत २४ एचपीचा ट्रॅक्टर पाचव्या वर्षी घालून दाखवा.

शिवार_१९
हे कामाचं आहे, आभार. ओळींची दिशा कशी ठेवू? रानाला पूर्वेकडे हलका उतार आहे.

टेप_आणि_खुंटी
दक्षिणोत्तर. कारणासह सांगतो, कारण 'दक्षिणोत्तर लावा' सगळेच सांगतात.

जालन्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४७ अंशांवर असतो. दहा फुटांच्या झाडाची सावली तेव्हा उत्तरेकडे सव्वानऊ फूट पडते. ओळ पूर्व-पश्चिम असेल तर ही सावली जवळजवळ दिवसभर मधल्या पट्ट्यात आणि पुढच्या ओळीच्या पायथ्याशी पडून राहते, आणि प्रत्येक ओळीची उत्तरेकडची बाजू उन्हावाचून राहते. नेमक्या मोहोराच्या महिन्यांत. ओळ दक्षिणोत्तर असली की दुपारची सावली ओळीतल्या ओळीत पडते, सकाळी पूर्वेची बाजू तापते, दुपारनंतर पश्चिमेची. १५ फुटांच्या ओळीत हा फरक थोडा जाणवतो, १२ मध्ये खूप.

उतार पूर्वेला आहे म्हणजे दक्षिणोत्तर ओळी उताराला आडव्या येतात. हलक्या उताराला हे चांगलंच, माती धरली जाते. पण गादीवाफे केलेत तर प्रत्येक वाफ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबेल. ओळीला टोकाकडे थोडासा ढाळ द्या, म्हणजे पाणी चरातून बाहेर पडेल. उतार जास्त असता तर दिशा विसरून समपातळीत लावा म्हटलं असतं.

कातळसडा
षट्कोनी मांडणीचं कोणी बोललं नाही. तेवढ्याच अंतरात १५ टक्के झाडं जास्त बसतात.

मोजपट्टी
बसतात, पण समभुज त्रिकोणात तिन्ही अंतरं सारखी लागतात, म्हणून ती मोठ्या चौरस अंतराच्या बागेला शोभते. इथे ओळीत झाडांची भिंत करायची आहे, भिंतीला त्रिकोण काय कामाचा? शिवाय आखणीत चूक झाली तर ती प्रत्येक ओळीत वाढत जाते.

आखणीवरून आठवलं. पहिली ओळ बांधाला समांतर धरू नका, बांध कधीच सरळ नसतो. होकायंत्राने किंवा मोबाइलने दक्षिणोत्तर रेषा काढा. तिच्यावर एका खुंटीपासून ३० फूट मोजा, काटकोनाच्या अंदाजाने ४० फूट मोजा आणि तिरकं अंतर बरोबर ५० भरेपर्यंत दुसरी खुंटी सरकवा. दोन्ही टोकांना हे करा आणि शेवटी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून पाहा. सुतळी वापरू नका, ती ओढली की ताणते. बारीक तारेवर रंगाने खुणा करा. खड्डे खणल्यावर मधली खुंटी जाते, त्यासाठी पाच फुटांची लागवड फळी करा: दोन टोकांना खाचा, बरोबर मध्ये एक खाच. खणण्याआधी टोकांच्या खाचांत दोन खुंट्या ठोकायच्या. लावताना फळी त्याच खुंट्यांवर बसवली की मधली खाच कलमाची जागा दाखवते. ओळ एक इंच हलत नाही.

हस्त_बहार
डाळिंबातलं एक सांगतो, आंब्यालाही लागू पडेल. सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राची शिफारस ४.५×३ मीटर, हेक्टरी ७४०. लोक ती दाबत दाबत पार खाली आणतात. मर रोग मुळाला मूळ लागून ओळीतल्या ओळीत सरकतो, जवळ लावलेल्या बागेत ओळीच्या ओळी वाळून जातात. वरची दाटी कात्रीने मोकळी करता येते, खालची नाही.

पाणीपाळी
सगळे फांद्या मोजताहेत. मी पाणी मोजतो.

पूर्ण वाढलेल्या झाडाची रोजची गरज साधारण अशी: बाष्पीभवन मिलिमीटरमध्ये × छत्रीचं क्षेत्र (फांद्यांनी झाकलेली जमीन) चौरस मीटरमध्ये × ०.५ (बाष्पीभवन मोजायच्या पात्राचा गुणांक ०.७ आणि पिकाचा ०.७, गुणाकार ०.४९). मे महिन्यात बाष्पीभवन १० मिमी धरा.

१२×६: छत्री ४ चौ.मी., झाडाला २० लिटर, ४६५ झाडांना ९,३०० लिटर.
१५ फुटांची ओळ: छत्री ६ चौ.मी., झाडाला ३० लिटर. ३०० झाडं धरली तर ९,००० लिटर.

फरक जवळपास नाही. बाग भरली की पाणी झाडांच्या संख्येवर जात नाही, झाकलेल्या जमिनीवर जातं. फरक पडतो तो पहिल्या तीन वर्षांत. झाडाला पाच लिटर दिले तर ४६५ ना २,३२५ आणि ३०० ना १,५००.

आता तुमची विहीर. मोटर तासाला २० हजार लिटर फेकते असं धरलं (पाण्याच्या खोलीनुसार बदलेल, ड्रम लावून मोजा), दिवसाआड तासभर म्हणजे रोजचे १० हजार. दोन एकर भरलेल्या बागेला १८ हजार लागतील. म्हणजे अंतर काहीही ठेवा, तुमच्या पाण्यात दोन एकर बसत नाहीत. तेही ज्या दिवसांत फळ गोटीपासून पुढे वाढतं त्या दिवसांत. पाण्याचा ताण बसला की फळगळ, आणि उरलेलं फळ बारीक.

गादीवाफा
हे पहिल्याच प्रतिसादात यायला हवं होतं. मीच छाटणीत अडकलो.

संत्रा_बांध
शेततळं करा ना मग. रोजचे आठ हजार कमी, मार्चच्या मध्यापासून मेअखेर ७५ दिवस, सहा लाख लिटर. २०×२०×३ मीटरचं तळं पुरते.

पाणीपाळी
वरचं तोंड २०×२० आणि बाजूंचा उतार १:१.५ धरला तर तळ ११×११ उरतो आणि साठा साधारण ७ लाख ४० हजार लिटर. पण ४०० चौरस मीटरच्या तोंडातून मेमध्ये रोज चार हजार लिटरपर्यंत हवेत जातात. पातळी उतरेल तसं ते कमी होईल, तरी अंदाजाने दोन-अडीच लाख गेले समजा. उरतात पाच-सव्वापाच. थोडं कमीच पडतं. २५×२५ करा, किंवा एकच एकर लावा.

तुडतुडा
शेततळ्यात मासे सोडायचे का?

कातळसडा
मासे सोडा, आधी आंबे लावू दे त्यांना.

शिवार_१९
पाण्याचा हिशोब डोक्यात शिरला. एक एकर आधी, दुसरा तळं झाल्यावर. आता अंतर: १५ फुटांची ओळ पटली. ओळीत १० ठेवू की कमी?

मोजपट्टी
साडेसात ठेवा. तुमच्या एकरात १२ ओळी × २५ = ३०० झाडं. (पाणीपाळी यांनी ३०० धरले ते असेच, की योगायोग?) साडेसात एवढ्यासाठी की उद्या छाटणी जमली नाही, माणसं मिळाली नाहीत, तर एकाआड एक झाड काढलं की उरतं १५×१५, चौरस. दहा ठेवलंत आणि एकाआड एक काढलं तर १५×२० होतं, जागा वाया. काढताना सम ओळीत सम क्रमांकाची झाडं ठेवा, विषम ओळीत विषम, म्हणजे झाडं समोरासमोर न येता तिरपी येतील आणि उजेड जास्त मिळेल. १३ आणि १२ च्या ओळी होऊन १५० झाडं राहतील.

ओळीतलं अंतर असं नंतर उघडता येतं. ओळींमधलं उघडायचं तर आख्खी ओळ जाते आणि तिच्याबरोबर तिची ठिबकची नळी.

कातळसडा
५×५ मीटरचंही असंच गणित आहे. तिरपं एकाआड एक काढलं की ७.०७ मीटर, परत तसंच केलं की १०×१०. कागदावर सुरेख. प्रत्यक्षात दहा-बारा वर्षांच्या फळणाऱ्या कलमावर कुऱ्हाड चालवायला कोणाचा हात उठत नाही. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत दोन्ही झाडं बिघडतात. काढायची झाडं आजच ठरवून खोडाला पांढरा पट्टा मारा, आणि त्यांची छाटणी पहिल्यापासून कडक ठेवा. म्हणजे जाताना जीव हळहळत नाही.

पेरूच्या_फोडी
त्या काढायच्या जागी आंबाच कशाला? तिथे पेरू लावा, सात-आठ वर्षं खा, काढा. पेरूवर कुऱ्हाड चालते.

गादीवाफा
पेरूवर फळमाशी येते, तीच आंब्याला लागते. सापळे लावायची तयारी असेल तर लावा. त्यापेक्षा पहिली तीन वर्षं मधल्या पट्ट्यात मूग, उडीद, हरभरा, भुईमूग घ्या. कलमापासून तीन फूट सोडून. मका, तूर, ऊस नको, कलम सावलीत जातं आणि उंच पळतं. पाणी आधीच कमी आहे तर उन्हाळी पीक तर मुळीच नको.

आता झाड बुटकं कसं ठेवायचं ते. दोन-सव्वादोन फुटांवर शेंडा मारा. आंब्याच्या काडीवर जिथे पानांचा झुबका असतो तिथे डोळ्यांचं कडं असतं. कडं ठेवून वर कापलं तर एकाच ठिकाणाहून सहा-सात नव्या फुटी येतात, सगळ्या एका सांध्यात, पुढे फळांच्या वजनाने तिथेच फाटतात. कड्याच्या खाली कापलं की फुटी अंतराअंतरावर येतात. त्यातल्या तीन-चार चारी दिशांना ठेवा, फूट-दीड फुटाच्या झाल्या की पुन्हा तसंच. पहिल्या तीन वर्षांत मोहोर आला तर खुडून टाका. मोठ्या कापाला बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

तुडतुडा
पॅक्लोब्युट्राझोल (वर म्हटलेलं संजीवक) टाकलं की कात्री लागत नाही म्हणतात.

गादीवाफा
म्हणणाऱ्यांच्या बागेत मोहोराचे गुच्छ मुठीएवढे आखडलेले दिसतात. ते वाढ रोखतं, छाटणी करत नाही. मात्रा झाडावर नसते, छत्रीच्या व्यासावर असते: दर मीटरला पाऊण ग्रॅम क्रियाशील घटक, म्हणजे बाजारातलं २५ टक्क्यांचं औषध तीन मिली. दोन मीटर व्यासाला सहा मिली. सगळ्या झाडांना सरसकट एक मात्रा देतात ती पहिली चूक. जवळच्या लागवडीत शेजारच्या झाडाची मुळंही तिथेच असतात, त्यालाही पोचतं, आणि ते जमिनीत राहतं. अशक्त झाडाला, ताणातल्या झाडाला अजिबात नाही. तुमच्याकडे ते द्यायचं छाटणीनंतरची फूट पक्व होताना, ऑगस्ट-सप्टेंबरात, जमिनीत ओल असताना. पण ही पाचव्या वर्षाची गोष्ट.

संत्रा_बांध
खड्डा केवढा? भारी जमिनीत तीन फूट खोल खणून शेणखताने भरला की पावसात बादली होते भाऊ. मूळ सडते.

मोजपट्टी
इथे दोन-अडीच फुटांवर मुरूम आहे, पाणी वाहून जाईल. दोन फूट लांब-रुंद-खोल पुरे, पण खड्ड्याची बाजू गुळगुळीत राहू देऊ नका, टिकावाने खरवडा. मुरमाचा कडक थर लागला तर तो पहारीने फोडा. वरची माती खाली जाऊ दे. कलमाचा सांधा जमिनीच्या वर वीतभर. नळी: १५ फुटांच्या ओळीत एकरी सूत्राने २,९०४ फूट, म्हणजे ८८५ मीटर. १२ फुटांना १,१०६ लागली असती. तिसऱ्या वर्षी ओळीच्या दुसऱ्या बाजूने आणखी एक नळी टाकावी लागेल. मुख्य वाहिनीला आत्ताच त्या जागी तोट्या ठेवा.

शिवार_१९
मग असं: पूर्वेचा एक एकर, दक्षिणोत्तर १२ ओळी, १५×७.५, ३०० खुंट्या. कलमं ३१५. काढायच्या झाडांना पट्टा लागवडीच्या दिवशीच. मोटरचं पाणी उद्या ड्रमने मोजून इथे टाकतो.

पाणीपाळी
ड्रम २०० लिटरचा घ्या आणि तो किती सेकंदांत भरतो ते तीनदा मोजा. मोटर चालू केल्यावर लगेच नको, अर्ध्या तासाने. सुरुवातीला विहीर नेहमीच उदार असते.

शिवार_१९
तिन्ही वेळा ४४-४५ सेकंद. तासाला १६ हजार.

पाणीपाळी
मग दिवसाला आठ हजार. एका एकरालाही मेमध्ये हजार लिटर कमी. आच्छादन करा, ओळीत पाचटाचा किंवा सोयाबीनच्या भुसाचा चार इंच थर, वाळवी बघत राहून. आणि तळं आधी.